चौदा घोडे आणि एक मानवी चूक

बेळगावच्या कॅम्पात लष्करी आवाराच्या गेटवर नाव, गाव, काम सगळं सांगावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात पहाऱ्याची थट्टा करायची कुणाची छाती नाही. उद्यमबागेतही वॉचमन गाडीचा नंबर रजिस्टरात नीट उतरवून घेतो. आत यंत्र चालवणारा पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर मात्र येईल त्याचा हुकूम मानतो.

त्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. कारखान्यांतली कितीतरी यंत्रं आजही ज्या मॉडबस पद्धतीनं एकमेकांशी बोलतात, ती १९७९ सालची. हुकूम सोडणारा कोण, हे विचारायची सोयच मूळ मॉडबसमध्ये नाही. तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असायचा. आता मालकाला कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीत बसून मोबाइलवर फर्नेसचं तापमान बघायचं असतं. म्हणून तार इंटरनेटला. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, शिफ्ट बदलताना कुणाचा खोळंबा नको म्हणून.

वर प्रश्न तयारच असतो : आपल्यावर कोण कशाला हल्ला करतंय? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस सोडला गेला तो युक्रेनवर. त्यात मर्स्क कंपनी सापडली आणि जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं काम बंद पडलं. भांडण युक्रेनशी, अडकले न्हावाशेव्याचे कंटेनर.

सरकारी खाती याहून हुशार. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पानं २९ ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर केलं, की नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नाही. ३० तारखेला अणुऊर्जा महामंडळानं कबूल केलं, की व्हायरस सापडलाय. पण तो कार्यालयीन कामाच्या कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे चोर घरात होता, पण सोप्यातच बसला होता.

मुंबईचा किस्सा तर मासलेवाईक. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर पोलिसांच्या अहवालावरून सांगितलं, की वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स घुसवले गेले असावेत. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, सायबर हल्ला नाही, मानवी चूक. राज्याला घोडे दिसले, केंद्राला माणूस. लोकांनीही आपापल्या पक्षाप्रमाणे दोन्हींतलं एक निवडून घेतलं.

मुंबईच्या अंधाराशी बेळगावचा संबंध काय, असं कर्नाटकाच्या हेस्कॉमचं वीजबिल भरणाऱ्याला वाटू शकतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. विजेनं मात्र निकालाची वाट पाहिली नाही : ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. उद्या कुणी सोलापूरकडच्या यंत्रणेत शिरला आणि त्यापायी कॅम्पातले दिवे गेले, तर दोष कुणाचा हा मुद्दा त्याच खटल्याला जोडून घेता येईल. तारखा तशाही पडतच असतात.