शेजारी, प्रीती आणि रस्सा

मराठी बायबलात प्रेमाला ‘प्रीती’ म्हणतात आणि ती करायची शेजाऱ्यावर, स्वतःवर करतो तेवढीच. ही आज्ञा मूळची जुन्या करारातली, लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. येशूने ती देवावरच्या प्रीतीच्या आज्ञेलगत, दुसऱ्या क्रमांकावर बसवली. ग्रीक शुभवर्तमानातल्या शब्दाचा अर्थ नुसता ‘जवळचा’ असा आहे. मराठीत त्याचा ‘शेजारी’ झाला आणि आज्ञेला एकदम सामाईक भिंत, सामाईक जिना आणि सामाईक नळ मिळाला. अखिल मानवजातीवर प्रीती करणे त्यामानाने सोपे असते. मानवजात पहाटे साडेपाचला मिक्सर लावत नाही.

या शब्दाची व्याख्या मागण्याचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. शेजारी म्हणजे नेमका कोण, असे एका शास्त्र्याने विचारले. काम टाळायचे असेल तर आधी व्याख्या मागावी, ही रीत सरकारी कचेऱ्यांहून जुनी दिसते. येशूने व्याख्येऐवजी गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा एक जण लुटला गेला, मार खाऊन रस्त्यात पडला. याजक आणि लेवी पलीकडच्या बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी. आणि यहुदी-शोमरोनी यांच्यात तर विस्तव जात नव्हता. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले.

प्रवचनात सगळे कौतुक शोमरोन्याच्या वाट्याला जाते, ते रास्तच आहे. उतारशाळेच्या मालकाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्या हातात पडले दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वरखर्च परतताना देईन, एवढ्या बोलीवर त्याने जखमी माणूस ठेवून घेतला. परक्या गिऱ्हाइकाला, तेही शोमरोन्याला, उधारी! ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचण्यासारखा आहे. पुढे पैसे वसूल झाले की नाही, हे लूक सांगत नाही.

प्रीतीवरचा सर्वांत गाजलेला मजकूर म्हणजे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. तो इ.स. 55च्या सुमाराचा. लग्नात हा अध्याय हमखास वाचतात. तेव्हा वधूवर फोटोग्राफरकडे बघत असतात. पत्र मुळात नवदांपत्याला नव्हे, भांडकुदळ मंडळीला लिहिलेले आहे. करिंथात तट पडले होते, भाऊबंद एकमेकांना कोर्टात खेचत होते आणि प्रभुभोजनाला जमल्यावर एक उपाशी राही, दुसरा झिंगे. प्रीती काय काय करत नाही याची पौलाने दिलेली यादी लांबलचक का, हे त्यावरून कळते.

एकत्र जेवणाची ती चाल मराठी मंडळ्यांत ‘प्रीतिभोजन’ या नावाने चालते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली जिथे काम सुरू केले, त्या नगर भागात प्रीतिभोजन म्हटले की मटण आठवते. पाळक आशीर्वाद देतात, ‘आमेन’ जरा घाईने होते आणि पंगत बसते. इथून पुढे न्यायनिवाडा वाढपिणीच्या पळीत. कोणाच्या ताटात नळी, कोणाच्या ताटात बटाटा. पहिल्या पंगतीला रस्सा दाट असतो, तिसरीपर्यंत त्यात दोन तांबे पडलेले असतात. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला होता. इथे रश्श्याचे पाणी होते.

शेवटच्या पंगतीला वाढपिणी आणि भांडी घासणाऱ्या बसतात. पातेल्याच्या तळाशी एकच नळी उरलेली असते. वाढणारी पळी फिरवते, थांबते आणि ती नळी जिच्या ताटात टाकते, तिच्याशी तिचा नळावरून दिवाळीपासून अबोला असतो. बोलत कोणीच नाही. ती नळी ताटाच्या काठावर दोनदा ठोकते, चोखते आणि मान वर न करता म्हणते, “मीठ कमी पडलंय.”

“तूच घातलंस,” वाढणारी म्हणते आणि तिच्या शेजारी पाट ओढते.