सुरतेला उतरलेला मुलगा

माझा भाचा बनारसला शिकतो. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, अस्सीजवळ भाड्याची खोली. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर गंगा आणि कचोरी राहिली बाजूला, साहेब मोबाइलवर फॉर्म भरत बसलेले. कॉलेजच्या मेंटॉरनं पाठवलेला. वैयक्तिक ध्येय, शैक्षणिक ध्येय, करिअरचं ध्येय असे तीन भाग, आणि प्रत्येकापुढे एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं. लाल चांदणीवाला एकही रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही.

"मामा, वैयक्तिकमध्ये काय टाकू?"

"तुला जे हवंय ते."

"ते नाही चालत. मोजता आलं पाहिजे."

मग त्यानं 'रोज ३० मिनिटं ध्यान' असं टाकलं. पोरगा सकाळी साडेनवापर्यंत अंथरुणात ध्यानस्थच असतो, तेव्हा नोंद अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

ध्येय 'स्मार्ट' हवं, असं फॉर्मच्या डोक्यावर लिहिलं होतं. हा स्मार्टपणा जॉर्ज डोरान नावाच्या अमेरिकन कन्सल्टंटचा. १९८१ मध्ये त्यानं एका व्यवस्थापनाच्या मासिकात लेख लिहिला, तोही कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी. इंग्रजी 'स्मार्ट'च्या पाच अक्षरांना त्यानं पाच अटी चिकटवल्या. त्यातल्या 'ए'चा अर्थ आज 'गाठता येण्याजोगं' असा शिकवतात. डोरानच्या मूळ लेखात त्याचा अर्थ होता, काम कुणाच्या गळ्यात घालायचं ते ठरवणं. आपल्या घरांमधून अजून मूळ संहिताच पाळली जाते. ध्येय बापाचं, गळा पोराचा.

दुर्गाकुंडाकडे गेलं की कोचिंगवाल्यांचे फलक दिसतात. हसरी पोरं, खाली त्यांचे रँक. ज्यांचे रँक आले नाहीत त्यांचे फोटो कुठं लावतात, हे विचारायची सोय नाही. भाच्याला घेऊन मी उलट्या दिशेला गेलो, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत. इथं मराठी माणसं पेशवाईपासून आहेत. गल्ली इतकी अरुंद की समोरून सांड आला तर तुमचं तात्कालिक ध्येय आपोआप ठरतं. मोजता येणारं, मुदतीचं, गाठता येण्याजोगं.

पायऱ्यांवर कुल्हड घेऊन बसलो आणि त्याला एका इंटरच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. मार्च १९१६. बडोदा कॉलेजातला विनायक नरहरी भावे, वय वीस, परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि मध्येच सुरतेला उतरला. परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जातो आहे, असं पत्र वडिलांना टाकलं आणि दोन मित्रांसह काशी गाठली. एक ओढ हिमालयाची होती, दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची, आणि दोन्ही वाटा काशीवरून जात होत्या. म्हणजे करिअरचा निर्णय नव्हे, गाडी बदलायचं ठिकाण. त्याच सुमाराला, १ एप्रिल १९१६ रोजी, मालवीयांच्या हिंदू विद्यापीठाचा कायदा अमलात आला. शहरात विद्यापीठ येत होतं आणि हा परीक्षा सोडून शहरात येत होता.

"विनोबा?" भाचा म्हणाला. "थांबा, त्यांचाच फॉर्म भरू."

वैयक्तिक ध्येय: ब्रह्म. मोजता येत नाही, बाद. शैक्षणिक ध्येय: संस्कृत. शास्त्रीबुवा म्हणाले बारा वर्षं लागतील, हा म्हणाला माझ्याकडे दोनच महिने आहेत. अवास्तव, बाद. करिअर: प्रमाणपत्रं आधीच आईच्या चुलीत घातलेली. 'कागदपत्रं अपलोड करा' इथंच गाडी अडली. उत्पन्न: अन्नछत्रात जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्यात संध्याकाळी एका पैशाचं दही, एका पैशाची रताळी. हा एवढा एकच रकाना स्मार्ट निघाला.

आम्ही खूप हसलो. मग मला सांगावं लागलं की त्या दोन मित्रांपैकी एक काशीतच आजारी पडून वारला आणि त्याला अग्नी विनोबांनीच दिला. भाचा गप्प झाला. मनाचं ऐका, परीक्षा सोडा, असं सांगणाऱ्या रीलवाल्यांना हा भाग तीस सेकंदांत बसवता येत नाही. मलाही तो नीट बसवता आला नाही. मी दुसरा चहा मागवला.

आणि तरी त्या मुलाला दिशा नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. ब्रह्मचर्याचा संकल्प त्यानं दहाव्या वर्षी केला होता. फक्त कुठल्या गाडीनं जायचं आणि कुठं उतरायचं, हे तो आधी लिहून देत नव्हता. १९१६ च्याच फेब्रुवारीत गांधींनी हिंदू विद्यापीठाच्या समारंभात दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांसमोर त्या दागिन्यांवरच भाषण केलं होतं. ॲनी बेझंट मध्ये पडल्या, सभा मोडली. त्या भाषणाची चर्चा काशीत अजून चालू होती. विनोबांनी ते वाचलं, गांधींना शंकांचं पत्र लिहिलं, उत्तर आलं, आणखी लिहिलं. ७ जून १९१६ रोजी स्वारी अहमदाबादेत, कोचरब आश्रमात. गांधी भाजी चिरत होते. त्यांनी ह्याच्याही हातात चाकू दिला.

ना हिमालय, ना बंगाल. दोन्ही उद्दिष्टं हुकली. पुढे विनोबा म्हणत, गांधींजवळ मला हिमालयाची शांतीही मिळाली आणि बंगालची क्रांतीही. आजच्या अप्रेझलमध्ये एवढं सुरेख स्पष्टीकरण कुणी दिलं, तर एचआर त्याला बढती देईल किंवा नारळ.

खोलीवर परतलो तर फॉर्मची मुदत संपायला वीस मिनिटं. सगळं भरून झालं होतं, एकच चांदणी लाल. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?'

"काय टाकू, मामा?"

"सुरत टाक."

त्यानं टाकलं. फॉर्मनं मुकाट्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी मेंटॉरचं उत्तर आलं: 'गुड. टेक्स्टाइल या डायमंड? प्लीज स्पेसिफाय.'