शॉकअप, बफर आणि पस्तीसची हवा

मोटारीचं सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवलेली स्प्रिंग, शॉकअप, आर्म, बुश आणि लिंक यांची जोडणी. तिच्याकडून जगभर दोन कामांची अपेक्षा असते. आत बसलेल्याचा कणा शाबूत राहावा, आणि चाकाने रस्ता सोडू नये. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द या दोन्ही गावांत, आणि तिथून पार बारामतीपर्यंत, तिच्यावर तिसरं काम येऊन पडतं. मागे तिघांच्या जागी चौघं, डिकीत पेंडीचं पोतं आणि त्यावर डाळिंबाचे क्रेट असतानाही स्पीडब्रेकरला इंजिनाखालचं चेंबर लागता कामा नये. ही तिन्ही कामं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. मऊ स्प्रिंग कण्याला मानवते, पण वळणावर गाडी डुलते आणि ओझ्याखाली बसते. कडक स्प्रिंगला ओझं कळत नाही, पण ती रिकाम्या गाडीत एकट्या मालकाची हाडं खिळखिळी करते. कमी पैशात सस्पेन्शन सुधारायचं, म्हणजे या तिघांपैकी कुणाला किती नाराज करायचं हे ठरवायचं.

आधी रस्ता पाहिला पाहिजे, कारण गाडी त्याच्यावर चालते. शोरूमच्या फरशीवर ती एकदाच उभी असते, तीही हार घालून. इथल्या गाडीला एकाच दिवसात दोन प्रकारचे रस्ते भेटतात. एक मोठा: पुणे-सोलापूर महामार्ग क्रमांक 65, किंवा पाटस-बारामती-इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, क्रमांक 965 जी, ज्याचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झालं. रस्ता रुंद होत गेला तशी गावातल्या गाड्यांनी आजवर न पाहिलेली गती पाहिली, आणि शंभरला स्टेअरिंग थरथरतं हे मालकांना पहिल्यांदाच कळलं.

दुसरा रस्ता वाडीवस्तीचा. खाली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर सपाट टाकलं तरी दोन पावसाळ्यांत लाटा घेतं. त्यात पाइपलाइनचा चर. विहिरीपासून पलीकडच्या रानात पाणी न्यायचं तर रस्ता आडवा कापावाच लागतो. कापल्यावर त्यात मुरूम भरतात. पहिले काही दिवस तो उंचवटा असतो, वाहनांनी दाबून दाबून नंतर त्याचा खड्डा होतो, आणि मध्ये एखादा दिवस तो बिनचूक सपाट असतो. त्या दिवशी गाडी चालवणारा माणूस सस्पेन्शनची तारीफ करतो.

स्पीडब्रेकरचा मामला वेगळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाईदार असावा. 3.7 मीटर म्हणजे छोट्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराहून जास्त. गाडी त्यावर अख्खी उभी राहू शकते आणि तिच्या पोटाला काही कळत नाही. गावातला स्पीडब्रेकर मात्र अपघात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, रागाच्या भरात तयार होतो. तो अरुंद आणि उभा असतो, उंची रागाच्या प्रमाणात. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि मधला भाग त्याच्या माथ्यावर टेकतो. यावर सर्वांत स्वस्त आणि कायम यशस्वी ठरलेला उपाय असा की ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी खाली उतरावं आणि पलीकडे चालत जाऊन बसावं. सासरवाडीला निघालेल्या गाडीत मात्र तो चालत नाही. आधी कुणी उतरायचं यावरून बोलणं वाढतं.

हँडलिंग म्हणजे काय, याची व्याख्याही इथे ऊस ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे, बिजवडीच्या कर्मयोगीकडे आणि माळेगावकडे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, आणि त्या उसात कुठेतरी मागचा दिवा. मोटार त्याला ओलांडायला उजवीकडे निघते, समोरून दुसरा ट्रॅक्टर दिसतो, ती झटक्याने परत आत येते. युरोपात नेमकी हीच परीक्षा मुद्दाम घेतात. 1997 साली स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने रस्त्यात अचानक सांबराएवढं जनावर आलं असं धरून मर्सिडीजची नवी ए-क्लास अशीच डावी-उजवी फिरवली आणि ती उलटली. कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या. बारामती-इंदापूर पट्ट्यात ही परीक्षा हंगामभर चालते, आणि तिच्यात गाडी किती झुकते, किती चटकन सरळ होते, एवढंच हँडलिंगचं मोजमाप.

खर्चाची सुरुवात फुकटापासून करावी. पहिली सुधारणा हवेची. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. हा कागद वाचणारा माणूस पंचक्रोशीत विरळा. पंक्चरवाला विचारतो, "दादा, पस्तीस मारू का?" आणि दादा मान हलवतात, कारण पस्तीस हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो. छोट्या गाडीला तो बहुतेक वेळा जास्त असतो. टायर दगडासारखं होतं, रस्त्याला मधल्या पट्ट्यानेच टेकतं, बारीक खड्डासुद्धा थेट आत पोचतो, आणि मालक शॉकअप गेले म्हणून शॉकअपची किंमत विचारत फिरतो. हवा थंड टायरमध्ये, छापल्याप्रमाणे मारली की निम्मी तक्रार तिथेच मिटते. पण त्यात पैसे जात नसल्यामुळे हा उपाय कुणाला पटत नाही.

दुसरा टप्पा अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचा. शंभरला स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेकदा बॅलन्सिंगमुळे. हात सोडला की गाडी एका बाजूला ओढते ते अलाइनमेंटमुळे, किंवा एका चाकात हवा कमी असल्यामुळे. अलाइनमेंटच्या पडद्यावर टो, कॅम्बर आणि कॅस्टर असे तीन कोन लाल-हिरव्या रंगात दिसतात. बहुतेक छोट्या गाड्यांत यातला टो तेवढा सहज जुळवता येतो. त्यामुळे कॅम्बर लाल दिसला तरी मशीनवरचा पोरगा "ते राहू द्या" म्हणतो आणि प्रिंट देतो. या एका बाबतीत तो खोटं बोलत नसतो, पण का राहू द्यायचं हे विचारलं पाहिजे. खड्ड्यात आर्म वाकला असेल तर तो लाल आकडा महिनोन्‌महिने टायर खात राहतो.

आता रबर, म्हणजे या सगळ्या विषयाचा गाभा. मारुती 800 पासून आजपर्यंत बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही जोडणी 1950 च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्ड गाड्यांत आली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, खाली एक लोअर आर्म, वर एक माउंटिंग. कमी भाग, कमी जागा, कमी पैसे. पण जिथे लोखंडाला लोखंड जोडलं जातं तिथे मध्ये रबरी बुश किंवा बॉल जॉइंट असतो, आणि झिजायचं ते तोच झिजतो. लोअर आर्मचं बुश फाटलं की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, गाडी जागेवर हलल्यासारखी वाटते. स्टॅबिलायझरची लिंक सैल झाली की बारीक खडीवर, कमी वेगात कटकट ऐकू येते. हा आवाज घालवण्यासाठी गावोगाव टेपचा आवाज वाढवतात.

लिंकचा आवाज हा नुसता त्रास नसतो. गाडी उजवीकडे वळताना डावी बाजू दबते, तेव्हा दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळला जाऊन तिला सावरतो. लिंक सैल म्हणजे बार उशिरा कामाला लागतो, आणि उसाच्या ट्रॉलीमागून आत येताना तो उशीर पोटात गोळा आणतो. दोन लिंक, चार बुश आणि त्यांची मजुरी यांचा एकूण खर्च बहुधा एका नव्या टायरच्या आतच राहतो. हँडलिंगमध्ये इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. तरीही लोक यावर खर्च करत नाहीत, कारण बुश बाहेरून दिसत नाही आणि मेव्हण्याला दाखवता येत नाही. पॉलियुरेथेनची बुश जास्त टिकतात आणि कमी दबतात. त्यांच्यामुळे रस्त्याची कंपनं मात्र जास्त आत येतात. रोजच्या गाडीला कंपनीचं साधं रबर पुरतं.

शॉकअपचं काम बहुतेकांना उलटं माहीत असतं. गाडीचं ओझं शॉकअप उचलत नाही, स्प्रिंग उचलते. स्प्रिंग एकदा दबली की झोपाळ्यासारखी हलत राहते, आणि तिला थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या आतलं तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने जातं आणि हलण्याचा जोर उष्णतेत जिरतो. तपासायचा गावठी मार्ग असा: गाडीचा कोपरा मांडीचा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा. वर येऊन थांबली तर ठीक, पुन्हा पुन्हा हलत राहिली तर शॉकअप संपला. याहून भरवशाची खूण म्हणजे नळीवर ओघळलेलं तेल आणि त्याला चिकटलेली काळी धूळ. शॉकअप जोडीने बदलतात. डावा तेवढा बदलून पैसे वाचवले की गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळं वागते. स्ट्रट खाली उतरलेलाच असताना माउंटिंग, बेअरिंग आणि धूळरबर बदलावं. मजुरी एकदाच पडते. इथे 'गॅब्रिएल टाका' असं सांगायची रीत आहे. ही कंपनी 1961 साली मुंबईत सुरू झाली आणि शॉकअपच्या बाबतीत तीन पिढ्यांच्या तोंडी बसली. खोकं मात्र नीट बघून घ्यावं. नामांकित मालाच्या नकला बाजारात फार असतात.

टायरच्या बाबतीत मोठी चाकं ही जुनी हौस. 2011 ते 2017 या काळातल्या स्विफ्टला कंपनीनेच दोन मापं दिली होती: 165/80 आर14 आणि 185/65 आर15. दोन्हींचा बाहेरचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटरने वेगळा. दुसऱ्यात रबराची भिंत 132 ऐवजी 120 मिलिमीटर आणि टायर रुंद. एवढा बदल वळणावर जाणवतो आणि स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. सोळा-सतराच्या पुढे गेलं की भिंत इतकी पातळ होते की मुरमाच्या एका चरात टायरला फुगा येतो.

स्प्रिंग बफर हा या प्रदेशाचा खरा लाडका. तळहाताएवढं, खाच पाडलेलं जाड रबरी कडं. गाळ्याच्या मापाप्रमाणे ते निवडतात, साबणाचं पाणी लावून स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये कोंबतात आणि गाडी तिथल्या तिथे वर उचलली जाते. मालक चार पावलं मागे जाऊन बघतो. चेहऱ्यावर समाधान. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं: सहा वेढ्यांपैकी एक जवळजवळ बंद पडला, उरलेले पाच काम करतात, आणि स्प्रिंग सुमारे 20 टक्क्यांनी कडक झाली. जुना शॉकअप मऊ स्प्रिंगच्या मापाचा असतो. या कडक स्प्रिंगला तो आवरू शकत नाही, मग गाडी उडते. शिवाय जोर एकाच जागी येत राहिला तर स्प्रिंग तिथेच तुटायची भीती. ज्याच्या गाडीत रोज पाचजण आणि पोतं असतं, त्याने मागे तेवढे बफर टाकले तर क्षम्य आहे. एकट्याने बारामतीला नोकरीला जाणाऱ्याने टाकले, तर त्याच्या पाठीचं बिल वेगळ्या दुकानात येतं.

गाडी खाली करणारी, कापलेली स्प्रिंग हा उलट टोकाचा शौक. त्यासाठी आधी गावातले स्पीडब्रेकर काढायला लागतील, म्हणून तो विषय इथेच संपतो. नवी जाड स्प्रिंग घेतानाही एक हिशेब डोक्यात ठेवावा: कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिलिमीटरची तार 13 ची केली तर वाढ एका मिलिमीटरची दिसते, पण स्प्रिंग जवळजवळ 38 टक्क्यांनी कडक होते. "थोडी जाड टाकू" या वाक्यातलं 'थोडी' इतकं महागात पडतं.

बोलेरो आणि पिकअपवाल्यांचा उपाय याहून जुना: मागच्या लीफ स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवणं. मागचे पाटे एकमेकांवर घासून स्वतःच थोडं हलणं जिरवतात, त्यामुळे भरलेल्या पिकअपला वाढीव पाटा मानवतो. निमगाव केतकीहून विड्याच्या पानांचा माल नेऊन ती रिकामी परत येते तेव्हा मात्र मागे बसलेल्या माणसाला पाट्याची संख्या मोजता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरफार करता येत नाही. कंपनीच्याच मापाचे शॉकअप, बुश, लिंक यांना कुणाची हरकत नाही. गाडी उचलणं, खाली करणं, भलती चाकं लावणं हे पासिंगच्या वेळी, आणि त्याहून जास्त विम्याचा दावा करताना अडचणीत आणतं. एम.एच. 42 या इथल्या नंबराच्या कितीतरी गाड्या पासिंगला जाण्याआधी एक दिवस मूळ रूपात येतात.

फरक पडला का हे ठरवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि गाडी त्याच रस्त्याने, तेवढ्याच माणसांनिशी, तेवढ्याच हवेवर चालवावी. सगळं एकाच दिवशी बदललं तर श्रेय सगळ्यांत महाग वस्तूला जातं. स्ट्रटला हात लावला असेल तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावं लागतं. काढलेली मूळ स्प्रिंग आणि चाकं भंगारात घालू नयेत, गोठ्यात टांगून ठेवावीत. गाडी विकायला काढली की येणारं गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडतं, मग खाली वाकून चेंबर बघतं, आणि तिसरा प्रश्न "कंपनीची स्प्रिंग कुठंय?" असाच विचारतं.