कोरियनची मधली इयत्ता : नव्यानं येणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

पहिली सूचना रस्त्याची, भाषेची नंतर. वर्ग नऊला आणि विद्यापीठ लवळ्याच्या बाजूला असेल, तर चांदणी चौक साडेसातलाच सोडा. भूगावात गाडी उभी राहणार. ती राहिली की शब्दांच्या चिठ्ठ्या बाहेर काढा. माझे पहिले दोनशे शब्द भूगावात पाठ झाले. पुढे पिरंगुटपर्यंत रस्ता मोकळा मिळायचा, तेवढं व्याकरण कच्चं राहिलं.

एवढं करूनही उशीर होतोच. मग दारात उभं राहून माफी मागायची, आणि तिथंच मधल्या इयत्तेशी पहिली ओळख होते. कोरियनमध्ये 'म्हणून' बऱ्याच तऱ्हांनी म्हणतात. 'नुजॉसॉ च्वेसोंगहाम्निदा' म्हटलं की 'उशीर झाला, माफ करा'. मी त्या 'सॉ'च्या जागी 'निक्का' लावलं. अर्थ तोच, पण माफीला ते चालत नाही. ऐकणाऱ्याला 'उशीर झालाय ना, मग मागतोय की माफी' असं काहीसं लागतं. बाईंनी न बोलता खुर्ची दाखवली.

बाईंना 'तुम्ही' म्हणण्यासाठी शब्दकोशातून 'तांगशिन' काढू नका. तो नवराबायकोत चालतो, नाहीतर भांडणात. बाईंना 'सॉनसेंगनिम' म्हणायचं, पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि 'तुम्ही' गिळून टाकायचं. आपणही 'बाई चहा घेणार का?' असं बाईंनाच विचारतो, त्यातलाच प्रकार.

वर्गात कोण भेटेल? पहिल्या इयत्तेत खुर्च्या कमी पडतात. सगळे बीटीएस आणि मालिकांवरून आलेले. राजा सेजोंगनं 1443 मध्ये लिपी घडवली आणि 1446 मध्ये जाहीर केली. ती आठवड्यात येते आणि त्या आठवड्याच्या भांडवलावर माणूस वर्षभर मिरवतो. मधल्या इयत्तेला पाय पसरून बसता येतं. उरलेल्यांची कारणं रोकडी असतात. कुणाचा डोळा रांजणगावच्या एलजीवर, कुणाचा तळेगावच्या कारखान्यावर, जो घ्यायचा करार ह्युंदाईनं 2023 मध्ये जनरल मोटर्सशी केला. आणि मुळशीकराला तर ताम्हिणी उतरली की विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना आहेच.

इयत्तेचं माप 'टोपिक' परीक्षेचं. वरच्या पेपरात 300 पैकी 120 मिळाले की तिसरी पातळी, 150 ला चौथी. या दोन म्हणजे मधली इयत्ता. लेखनातला शेवटचा प्रश्न 600 ते 700 अक्षरांच्या निबंधाचा, चौकटीच्या कागदावर. पाचवीची गणिताची वही आठवेल.

आता मुख्य सूचना, माझ्यासकट बहुतेकांनी निष्ठेनं पाळलेली : मराठी वर्गाबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावी आणि सगळं इंग्रजीतून समजून घ्यावं.

याचा फायदा लगेच दिसतो. क्रियापदाला 'बॉरिदा' जोडलं की काय होतं, हे माझ्या वहीत चार ओळींत आहे : क्रिया पूर्ण झाली, मागं फिरवता येत नाही, बोलणाऱ्याला हळहळ वाटते किंवा सुटका. खाली उदाहरण, 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो'. मी या ओळींवर दोन रेघा मारत होतो तेवढ्यात शेजारची पौडची मुलगी म्हणाली, "म्हणजे खाऊन टाकलं." तिच्या वहीत एकच शब्द होता : टाकणे. त्याखाली तिनं पुढचे तीन धडेही उरकले होते. 'बोदा' म्हणजे बघणे, करून बघ. 'नोता' म्हणजे ठेवणे, करून ठेव. 'जुदा' म्हणजे देणे, करून दे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागून, सगळं आपल्यासारखं. ऐकीव गोष्ट सांगायला कोरियन माणूस वाक्याच्या शेवटी 'देयो' लावतो. इंग्रजीत त्याचं अख्खं प्रकरण आहे, मराठीत 'म्हणे'. "तो येणार नाही म्हणे." झालं.

'यॉबो'चं असंच. मालिकेच्या इंग्रजी पाट्यांमध्ये मी तो 'हनी' असा वाचत आलो. यॉबो म्हणजे अहो. कुठल्याही आजीला एका दमात कळलं असतं.

निबंधाच्या सरावाला 'माझा तालुका' आला, तेव्हा मात्र मराठीही सावकाश वापरावी लागली. मुळशीवर लिहायचं तर धरण आलंच. टाटांनी ते मुंबईच्या विजेसाठी बांधलं आणि जमिनी बुडणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. कोरियनमध्ये चांगलं झालं तर 'तॉक्पुने', म्हणजे कृपेनं. वाईट झालं तर 'थासे', म्हणजे पायी. अमक्याच्या पायी वाटोळं झालं, त्यातला. ('तॉक्पुने'त पुणं ऐकू येतं. पुणेकरांनी त्यात भलता अर्थ शोधू नये.) मी 'धरणाच्या कृपेनं' असं लिहून मोकळा झालो, विजेच्या हिशेबानं. पौडच्या मुलीनं एका वाक्यात दोन्ही घातले : धरणाच्या कृपेनं मुंबईला वीज मिळाली, धरणापायी गावं बुडाली. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

आकड्यांत मात्र मराठी दगा देते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोरियन मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यानं चालते, त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटी झाले की नवा शब्द, 'ऑक'. पगार 'सामबेंग मान वॉन' ऐकला की तीनशे हे कानावर आधी येतं आणि तोंड पडतं. तीस लाख हे नंतर कळतं. वॉनचे रुपये करून बघितले की तोंड पुन्हा पडतं. शिवाय वेळ सांगताना तास एका मोजणीत आणि मिनिटं दुसऱ्या. यावर उपाय नाही, पाठ करा.

भाताचा धडा जुलैत येतो. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरं पाण्यानं भरलेली असतात. बाईंनी तीन शब्द लिहिले : 'प्यॉ', 'स्साल', 'पाप'. मी मोबाइलमध्ये पाहिलं. तिन्हींपुढं एकच, राइस. एकाच वस्तूला तीन नावं कशाला, असं मी विचारलंसुद्धा. पौडची मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात पुन्हा भात." आम्ही तिसऱ्याला पहिल्याचंच नाव देतो, कोरियन लोकांनी वेगळं दिलं, एवढाच फरक. रोपाला 'मो' म्हणतात आणि लावणीला 'मोनेगी'. हे तिनं बाईंना विचारून घेतलं. मला विचारायचं सुचलं नसतं. ख्यालीखुशालीही तिकडे आपल्यासारखीच विचारतात : जेवलात का? म्हणजे 'पाप' खाल्लंत का? फक्त बोलताना त्या 'पाप'चा 'पाम' होतो, 'पाम मॉगॉस्सॉयो?'

शेवटची सूचना. लावणीचे चार दिवस पौडची मुलगी वर्गात दिसणार नाही. त्या दिवसांची टिपणं कुणाकडून तरी घ्यावी लागतील. माझ्याकडे आहेत, पण इंग्रजीत आहेत. ती परत येईपर्यंत थांबा.