दहा संपली, अकरा बसेना

८ ऑक्टोबर २०२५ला पंतप्रधान आले आणि पनवेलच्या उंबरठ्यावर नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन करून गेले. सहाच दिवसांनी, १४ तारखेच्या मंगळवारी, मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. पहिल्या बातमीने पनवेलच्या जागांचे भाव चढले, दुसरीने पनवेलच्या घराघरांतल्या कॉम्प्युटरचे उतरले. भाव चढला ती जागा आपली नव्हे आणि उतरला तो डबा मात्र आपलाच, हा आपल्या पत्रिकेतला जुनाच योग.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला की मध्यरात्रीपासून सगळे जुने कॉम्प्युटर बंद पडणार. काही झालं नाही. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखाच, म्हणजे चहा होईपर्यंत, सुरू झाला. झालंय ते एवढंच, की विंडोज टेनला यापुढे सुरक्षेचे अपडेट फुकट आणि आपोआप मिळणार नाहीत. घराला कुलूप आहे, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्तीला कोणी येणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, तशी मग सोसायटीतल्या एका काकांच्या टेबलाखालची सीपीयूची पेटीही बाहेर ओढली गेली आणि हार्डवेअरवाल्या पोराला फोन गेला.

हा पोरगा प्रत्येक गल्लीत असतो. पाठीवर सॅक, खिशात पेन ड्राइव्ह आणि सगळ्या रोगांवर एकच औषध : "फॉरमॅट मारू." या वेळी मात्र त्यानेही हात टेकले.

"काका, याच्यावर विंडोज अकरा बसत नाही."

"का? चालतोय की चांगला. कालच लाइटबिल भरलंय."

"चालतोय हो. पण प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे. आठवी लागते."

काकांनी हा कॉम्प्युटर २०१६ साली हार्बरने मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून, घासाघीस करून असेंबल करून आणला. आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, तेव्हाचा राजा. इंटेलची आठवी पिढी आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे वर्षभर आधी पैसे खर्च केले, हा काकांचा गुन्हा. पनवेलकराने पिढ्या मोजायच्या त्या सातबाऱ्यावर वारस लावताना. विमानतळाला जमीन गेली तेव्हा पुष्कळांनी मोजल्या. आता टेबलाखालच्या पेटीच्याही मोजायची वेळ आली.

पिढी जुळली तरी पुढे टीपीएम २.० म्हणून एक चिप विचारतात. कूटबद्ध केलेल्या माहितीच्या किल्ल्या जपणारी ही तिजोरी. गंमत अशी की बऱ्याच मदरबोर्डांत ती असते, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ज्यांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असूनही "हा पीसी पात्र नाही" असा शेरा पडतो, त्यांनी नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एकदा बायोसमध्ये डोकवावं. दुकानदार हे सांगेलच असं नाही. त्याचीही दिवाळी आहे.

याच मायक्रोसॉफ्टच्या जेरी निक्सन यांनी मे २०१५मध्ये, शिकागोच्या परिषदेत, विंडोज टेन ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. यापुढे आवृत्त्या नाहीत, तीच एक सुधारत राहील, असा त्याचा अर्थ लावून जगाने टाळ्या वाजवल्या. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अकरा आली. आपल्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. "ही माझी शेवटची निवडणूक" हे वाक्य आपण एकाच तोंडून तीन-तीनदा ऐकलेलं आहे.

आणि अपडेट होताना अर्ध्यावर थांबलेल्या टक्केवारीचं म्हणाल, तर तिच्यासमोर बसायचा सराव पनवेलकराइतका कोणालाच नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा घरोघरी एक्सपी किंवा सेव्हन होती. त्यानंतर आठ आली, आठ पूर्णांक एक आली, दहा आली, अकरा आली. दहा जन्माला आली, दहा वर्षं जगली आणि १४ ऑक्टोबर २०२५ला निवृत्तही झाली. रस्ता तेव्हाही "काम सुरू आहे, कृपया बंद करू नका" याच पडद्यावर होता. पळस्पे फाट्यावरून गणपतीला निघालेल्या माणसाला विंडोजची फिरणारी टिंबं काय छळणार?

पण चेष्टा पुरे, कारण सुरक्षेची गोष्ट खोटी नाही. पुरावा लांब शोधायला नको, आपल्या शेजारी न्हावाशेव्यात आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर त्याने आडवे केले आणि इथल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर खोळंबले. आपलं जगभरचं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज कंपनीने स्वतःच दिला. ज्या भोकांतून तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला, त्यांतलं एक मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्चमध्येच बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट टाकला नाही त्यांच्याकडे ते उघडं होतं. आता या गोष्टीचा दुसरा अंक ऐका. हा व्हायरस मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट न घेणारे मेले आणि घेणारेही मेले.

१९ जुलै २०२४ला पुन्हा तेच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. आपल्या नव्याकोऱ्या विमानतळावर कमळाच्या आकाराचं टर्मिनल आहेच, काउंटरवर चार बॉलपेनंही ठेवून द्यावीत.

तरी सुरक्षेच्या या भीतीत एक गोष्ट मला मनापासून आवडते. जे सध्या सर्वांत घाबरलेत, त्यांतल्या कित्येकांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली "ॲक्टिव्हेट विंडोज" हे फिकट शब्द वर्षानुवर्षं तरंगतायत. परवाना कधी घेतलाच नाही. उरलेल्यांना क्रॅक त्या सॅकवाल्या पोराने दोनशे रुपयांत मारून दिली. त्या क्रॅकबरोबर आणखी काय काय घरात आलं याची चौकशी कोणी केली नाही, आणि आता म्हणे मायक्रोसॉफ्टने आम्हाला वाऱ्यावर सोडलं! चोरून वीज घेणाऱ्याने लोडशेडिंगविरुद्ध मोर्चा काढावा, तशातला हा प्रकार.

ज्यांची विंडोज अस्सल आहे त्यांच्यासाठी कंपनीने एक वर्षाची सवलत ठेवली आहे. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. एक तर तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले एक हजार पॉइंट द्या, किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर सुरू करा, मग फुकट. वाट कुठलीही धरा, नाक्यावर मायक्रोसॉफ्टचं खातं दाखवावंच लागतं. अकरा नव्याने टाकायची म्हटलं तरी तेच. स्वतःच्या पैशाने घेतलेला, स्वतःच्या टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर उघडायला सिअ‍ॅटलजवळच्या एका कंपनीत नाव नोंदवायचं.

काकांचं खातं होतं. मुलाने पुण्याला जाण्याआधी उघडून दिलेलं. पासवर्ड मुलाला आठवेना आणि ओटीपी जातोय त्या नंबरवर, जो मुलाने केव्हाच बंद केला. हा विनोद वाटत असेल तर ऐका. अकराची चालू आवृत्ती नव्याने टाकून त्या खात्यातून आत गेलात की बऱ्याच कॉम्प्युटरांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. पुढे कधी पडद्याने ती किल्ली मागितली आणि खातं उघडत नसेल, तर नातवाच्या बारशाचे फोटो डिस्कमध्ये आहेत आणि तरी नाहीत.

फुकट मिळालेल्या बढतीचा हिशेब कसा येतो, हे पनवेलला खरं तर कोणी शिकवायला नको. १८५२ची आमची नगरपालिका, १ ऑक्टोबर २०१६ला अपग्रेड होऊन महानगरपालिका झाली. पेढे वाटले. मग सिडको वसाहतींमध्ये मालमत्ता कराची बिलं पोचली, ती थेट मागच्या तारखेपासूनची.

अपग्रेडचं सगळ्यात मोठं दुखणं मात्र जाहिरातीत कुठेच नसतं. ते आहे मराठीचं. भजनी मंडळाची वर्गणीची यादी, सोसायटीचे वीस वर्षांचे इतिवृत्तांत, आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, हे सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. कुणाचं श्रीलिपीत, कुणाचं आकृतीत, कुणाचं शिवाजीमध्ये. फॉरमॅट मारला की फॉन्ट जातो, आणि फाइल उघडली की "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. अकरा फक्त ६४ बिटमध्ये मिळते, त्यामुळे ज्याच्याकडे अजून डॉसच्या काळातला पत्रिका काढायचा प्रोग्राम आहे त्या गुरुजींचे ग्रह तर सरळ वक्रीच होतात. तेव्हा अपग्रेडआधी फॉन्टचा आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर काढा आणि महत्त्वाचा मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा. सॅकवाला पोरगा "बॅकअप घेतला" म्हणतो तेव्हा त्याने फक्त डेस्कटॉप आणि डाउनलोड उचललेलं असतं.

एवढं करून अकरा बसलीच, तर एमएस-सीआयटी झालेली आमची पिढी पहिल्या मिनिटाला अडखळते. आयुष्यभर डाव्या कोपऱ्यात खाली असलेलं स्टार्ट बटण आता मधोमध! सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे आणता येतं, पण सेटिंगमध्ये जायला आधी स्टार्ट सापडायला हवं.

चालतं यंत्र म्हातारं केव्हा झालं, हे ठरवायचा हक्क मालकाचा असायचा. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, सगळं आपण आपल्या मर्जीने म्हातारं केलं. कॉम्प्युटरच्या बाबतीत ती तारीख परदेशात ठरते आणि आपल्याला फक्त कळवली जाते. माझा राग या गोष्टीवर आहे, चिपवर नाही.

काकांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. नवा कॉम्प्युटर लगेच घेऊ नका. जुन्याची हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाका, रॅम आठ जीबी करा. चहा होईपर्यंत थांबायची गरज उरणार नाही. वर्षभराच्या सवलतीत नाव नोंदवा, पण आधी खात्यावरचा मोबाइल नंबर बदला. टॅली किंवा डिजिटल सहीचं काम नसेल आणि सगळा कारभार ब्राउझरमध्येच चालत असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. तिला सहाव्या पिढीचं वावडं नाही आणि ती खातंही मागत नाही. झोरिन या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी तर आपली अठरावी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबरलाच बाजारात आणली, इतके ते मुहूर्त पाळणारे. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार तेवढे करू नका.

आणि दिवाळीआधी पेटी भंगारवाल्याला द्यायचीच असेल, तर घाई करू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्या. देण्याआधी चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घ्या आणि घरात ठेवा. तिच्यात तुमचं पॅनकार्ड, मुलीचं लग्न आणि बँकेचे पासवर्ड लिहिलेली वर्डची फाइल आहे. त्या फाइलचं नाव "पासवर्ड" असंच आहे, हेही मला माहीत आहे.