उतारावरचे नाना

निफाड-लासलगावकडच्या कुठल्याही गावात जा, एक तरी नाना भेटतातच, ज्यांच्या पिकअपने त्यांना "रस्त्यात कधी दगा दिला नाही". गाडी कधीची? तर थोरलीचं रुखवत तिच्यातून गेलं, आणि थोरलीचा मुलगा यंदा बारावीला आहे.

या इमानदारीचं मूळ भूगोलात आहे. नाना गाडी सपाटीला लावतच नाहीत. आता गोदाकाठ म्हणजे सगळी सपाट काळी जमीन. तिथे उतार हुडकणं ही विद्याच. नानांना ती अवगत आहे. पाटाचा भराव, पुलाची चढण, रेल्वे फाटकाचा उंचवटा, सगळं पाठ. बाजार समितीत लिलाव असो की सोयऱ्याकडे दहावं, गाडीचं तोंड उताराकडे आणि चाकाला दगड. निघताना दगड काढला की गाडी घरंगळते, नाना दुसऱ्या गिअरात क्लच सोडतात, मागची मंडळी धुरात दिसेनाशी होतात आणि खिडकीतून आवाज येतो, "बघा, सेल्फ मारायची गरजच नाही!" धाकट्यासाठी पाहिलेल्या मुलीचं घर अगदी सखलात निघालं, तेव्हा मुलगी पसंत असूनही नाना "विचार करून कळवतो" म्हणाले होते.

कधीमधी डिझेलमध्ये हवा धरते. त्याला नाना बिघाड म्हणत नाहीत. बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि अंगठ्याने हातपंप मारत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. बोल्ट आवळून अंगठा पायजम्याला. नानांच्या झाडून सगळ्या पायजम्यांवर उजव्या मांडीला तो डाग आहे. नानींनी तो घासणं कधीच सोडलं.

गाडीची दिवाळी पासिंगला. मालवाहू गाडीने 8 वर्षं ओलांडली की फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. मग आधी रंगाचा हात, नवी रिफ्लेक्टर टेप आणि पुतण्याच्या गाडीचे दोन टायर. पासिंग झालं की टायर पुतण्याकडे, सर्टिफिकेट नानांकडे.

मागे एक गिऱ्हाईक आलं होतं. नानांनी तोंडाला येईल तो भाव सांगितला. त्याने घासाघीस न करता होकार दिला आणि नानांना संशय आला. इतक्या मुकाट्याने घेतोय म्हणजे नक्की भंगारात घालणार! सौदा मोडला. चहा मात्र पाजला. आणि निघताना त्याची मोटारसायकल चालू होईना, म्हणून ती पिकअपमध्ये टाकून त्याला घरपोच सोडूनही आले.