अकोटीय जृंभा-भक्षण-मीमांसा

उपोद्घात. बडोद्यातील अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. येथील जैन कांस्यमूर्तींचे विवेचन उमाकांत प्रेमानंद शाह यांनी १९५९ साली ग्रंथबद्ध केले. येथील जांभया मात्र अद्याप अनभ्यस्त राहिल्या. ती उणीव प्रस्तुत प्रबंध दूर करतो.

लक्षण. स्वतः न रांधलेली वस्तू वा अवस्था अंगी घेणे म्हणजे भक्षण. मुखाचा सहभाग नैमित्तिक होय, नित्य नव्हे.

प्रकार.

१. अन्नभक्षण. हा गौणतम प्रकार. याचा मोठा भाग मराठी 'जेवणे' व गुजराती 'जमवुं' यांनी व्यापला आहे. जपानी भाषा येथे पदार्थ न पाहता प्रतिष्ठा पाहते: सामान्यतः 'ताबेरु', आदरणीयांसाठी 'मेशिआगारु', स्वतःविषयी विनयाने 'इतादाकु' आणि रांगडेपणी 'कुऊ'. औषधाची गोळी मात्र तेथे पितात.

२. आघातभक्षण. मार, बोलणी, शिव्या. जपानी 'कुऊ'लाही बोलणी चालतात; तस्मात् हा आहार सार्वदेशिक होय.

३. कालभक्षण. काम वेळ खाते. 'कुऊ' वेळ तर खातोच, शिवाय वाटेत रेंगाळणाऱ्यास रस्त्याकडेचे गवतही खावयास लावतो.

४. श्रमभक्षण. दमलेला मराठी मनुष्य 'दम खातो', गुजराती 'थाक खातो'. पुढे तो झोपाळ्यावर बसून 'हींचका'ही खातो.

५. जृंभाभक्षण. मराठीत जांभई देतात; गुजरातीत बगासुं खातात. अकोट्यातील द्विभाषिक मराठी कुटुंबापुढे येथेच धर्मसंकट उभे राहते.

संप्रदाय. दानवाद्यांच्या मते जांभई देय होय. ती समोरच्यास तत्काळ पोहोचते, हे प्रत्यक्षप्रमाण. भक्षणवादी पृच्छा करतात: मुख उघडते, वायू आत जातो, मुख मिटते, यात दान कोठे? उभयवाद्यांचे पीठ विश्वामित्रीवरील अकोटा-दांडिया बाजार पुलावर मानावे. त्यांचा सिद्धान्त असा: दाता व भक्षक भिन्न असल्याने विरोध मुळातच नाही.

निर्णय. उभयवाद ग्राह्य. प्रमाण दुपारी दोनच्या सुमारास कोणत्याही झोपाळ्यावर मिळते: आजोबा मराठीत जांभई देतात आणि शेजारी बसलेली, गुजराती माध्यमात शिकणारी नात ती खाते.